रेडिएटरचं झाकण

आमची गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. ती घरी आली तेव्हाच दोन मालक करून आली होती. पुढे तीन माणसं बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा, आणि सुरू झाली की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी माना वर करतील असा डिझेलचा आवाज. अकोटपासून थोड्याच अंतरावर आमचं गाव आहे. घरी वांगी, मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि झेंडू. बाबा आठवड्यातून तीन-चार दिवस अकोटच्या बाजारात माल नेत आणि दर शुक्रवारी परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला जात. तिथल्या हॉटेलांना शनिवार-रविवारच्या गर्दीआधी भाजी लागायची. एक शुक्रवार चुकला तर हॉटेलवाले दुसरा माणूस शोधतील, ही धास्ती बाबांना कायम असे.

मी अकोल्याला आत्याकडे राहून आयटीआय केलं. ट्रेड डिझेल मेकॅनिक, वर्गात मुलगी मी एकटी. बाबांनी जाऊ दिलं, हे खरंच. पण पाहुण्यांत कुणी विचारलं की ते सांगायचे, "कम्प्युटरचं शिकून राहिली." मी समोर असले तरी हेच सांगायचे. पुढे अकोल्यातच एका वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. तिथल्या साहेबांनी मला पहिल्याच दिवशी काउंटरवर बसवलं. लोक येऊन गाडीची तक्रार सांगत, मी ती कार्डावर लिहून घेई आणि कार्ड आत पाठवी. आत ज्यांच्याकडे ते कार्ड जाई त्यांच्यातले दोघं माझ्याच वर्गातले होते, आणि परीक्षेत माझ्या मागे बसून माझं पाहून लिहीत.

दिवाळीला घरी गेले तेव्हा बाबांच्या सीटमागे पाण्याच्या दोन कॅन दिसल्या.

"हे काहून?" मी विचारलं.

"पाणी पेते ते आजकाल," बाबा म्हणाले. "म्हातारी झाली ना."

गाडीखाली एक थेंब पडलेला नव्हता. पाईपांच्या जोडांवर ओल नव्हती, रेडिएटरच्या जाळीवर डाग नव्हता. पाणी जात होतं आणि बाहेर कुठे दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर थंड झालेली गाडी बाबांनी सुरू केली तेव्हा मी बोनेट उघडायला लावलं आणि रेडिएटरच्या वरच्या रबरी पाईपावर हात ठेवला. एक मिनिट झालं असेल. पाईप हाताला गार लागत होता, पण लाकडासारखा टणक झाला होता.

गाडीचं पाणी इंजिनात फिरतं, तापतं आणि रेडिएटरमध्ये येऊन थंड होतं. रेडिएटरचं झाकण त्या पाण्याला दाबून धरतं, म्हणून ते इतकं तापूनही उकळत नाही. पाणी तापल्यावर पाईप कडक झाला तर नवल नाही. पण पाणी गार आणि पाईप कडक, याचा अर्थ तो दाब पाण्याचा नाही. सिलिंडरमधला वायू कुठून तरी पाण्यात घुसतो आहे. इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये जे गॅस्केट असतं, ते जळलं की असं होतं.

मी ते बाबांना आणि दादाला सांगितलं. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, बाबा नसले की गाडी तोच चालवायचा. तो हसला. "पाईपाले हात लावून डॉक्टर झाली वं तू."

बाबा म्हणाले, "मिस्त्रीले इचारतो."

मिस्त्री म्हणजे अमरावतीचा मिस्त्री. बाबांची आणि त्याची वीस-बावीस वर्षांची ओळख. झेंडू घेऊन बाबा अमरावतीला गेले की त्याच्या गॅरेजात चहा झाल्याशिवाय परत येत नसत. त्याने पाईपाला हात न लावताच सांगितलं की रेडिएटर चोक आहे, आत गाळ बसला आहे. रेडिएटर काढून साफ केला. पाणी जातच राहिलं. मग त्याने थर्मोस्टॅट काढून फेकला, मग वॉटर पंप बदलला, मग पाईप बदलले. दर वेळी आठ-पंधरा दिवस बरे जायचे आणि मग बाबा पुन्हा कॅन भरून घ्यायचे. मी फोनवर विचारायची, पाईप सकाळी कडक असतो का? बाबा म्हणायचे, पाहतो. त्यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक फोनवर सांगायची आणि घरी असले की ते निघताना सांगायची. "बाबा, गरम असताना झाकण खोलू नोका. गाडी बंद करून घंटाभर थांबा. पाईप दाबून पाहा, नरम झाला तरच हात लावा." इतक्यांदा सांगितलं होतं की मी तोंड उघडलं की तेच माझ्या आधी म्हणायचे, "हव वं माय, घंटाभर थांबतो."

मार्चमध्ये मी आमच्या आयटीआयच्या सरांकडे गेले आणि दोन दिवसांसाठी प्रेशर टेस्टर मागून आणला. हातपंप, त्यावर एक काटा, आणि वेगवेगळ्या मापाची तोंडं, एवढंच ते असतं. सर म्हणाले, "नीट वापर, आणि लिहून ठेव काय काय केलं ते." मी एसटीत ती पेटी मांडीवर घेऊन बसले. त्या प्रवासात मी किती खूश होते ते आता आठवलं की माझाच राग येतो.

रविवारी सकाळी अंगणात गाडी उभी केली. बाबा आणि दादा दोघंही होते. आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी थंड रेडिएटरच्या तोंडावर टेस्टर बसवला आणि झाकणावर लिहिलं होतं तितका दाब भरला. काटा हलला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तिथेच.

"म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"म्हंजे बाहेर कुठीच गळत नाई. रेडिएटर चांगला हाये, पाईप चांगले हायेत."

मग दाब सोडून टेस्टर काढला आणि त्याच्यावर झाकण तपासलं. ते ठरल्या दाबाला उघडत होतं, म्हणजे तेही चांगलं. मग टेस्टर परत रेडिएटरच्या तोंडावर बसवला आणि दाब न भरताच दादाला गाडी सुरू करायला सांगितली. पंपाला माझा हात नव्हता. दोन्ही हात मी मुद्दाम मागे बांधले होते. काटा आपोआप चढायला लागला. इंजिन अजून कोमटही झालं नव्हतं. काटा झाकणाच्या मापापर्यंत गेला आणि त्याच्याही वर निघाला, तेव्हा मी घाईने दाब सोडला.

शेवटची खूण राहिली होती. मी गाडी बंद करून फॅन बेल्ट काढला, म्हणजे वॉटर पंप फिरणार नाही आणि पंपाने हवा ओढली असं कुणाला म्हणता येणार नाही. रेडिएटर तोंडोतोंड भरला आणि झाकण न लावता अर्धा मिनिट इंजिन चालू ठेवलं. पाण्यातून बुडबुडे यायला लागले. एकामागून एक, सारखे.

बाबा पुढे वाकून पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची चेष्टा गेली होती. "हे कुठून येऊन राहिले?"

"सिलिंडरमधून. गॅस्केट जळलं हाये बाबा. हेड उतरवा लागते."

"किती दिवस गाडी उभी राहीन?"

"चार-पाच दिवस. हेड वाकलं असन तर लेथवर न्या लागन."

मला वाटलं, झालं, पटलं. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि मिस्त्रीला लावला. स्पीकरवर. मी काय काय केलं ते त्यांनी नीट सांगितलं, एकही गोष्ट सोडली नाही. पलीकडून मिस्त्रीचा आवाज आला.

"भाऊ, बुडबुडे तं चहातबी येतात. पोरीले म्हणाव, पयले दोन हेड खोलून ये, मंग मले शिकव."

दादा खो खो हसला. ते चाललं असतं. पण बाबाही हसले. आधी ओठ दाबून, मग मोकळेपणी, एका हाताने मोबाईल धरून आणि दुसऱ्या हाताने माझ्या पाठीवर थापटत. आई मेथीवरून मान वर न करता म्हणाली, "हसता कायले तिले?" आणि कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

मी बेल्ट परत चढवला, टेस्टर पुसला, पेटीत ठेवला आणि दुपारच्या एसटीने अकोल्याला गेले. सरांनी विचारलं, काय निघालं? मी सांगितलं. ते म्हणाले, "शाब्बास, बरोबर आहे." त्या शब्दांचा मला काहीही उपयोग नव्हता.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीने गाडीला नवं झाकण बसवलं. जास्त कडक स्प्रिंगचं. रेडिएटरमधलं जादा पाणी ज्या बाजूच्या बाटलीत येतं, तिच्यातून चढावर ते उसळून बाहेर यायचं, ते कमी झालं. "पाह्य, झाकणाचाच लफडा होता," बाबांनी फोनवर सांगितलं. मला कळत होतं की झाकण कडक केल्याने आतला वायू कमी होत नाही. तो फक्त जास्त दाबाने कोंडून राहतो आणि झाकण उघडणाऱ्याची वाट पाहतो. हे मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं झालं."

मे महिन्यात मी चार दिवसांची सुट्टी घेऊन घरी आले होते. शुक्रवार होता. चिखलदऱ्याला उन्हाळ्याची गर्दी, त्यामुळे माल नेहमीपेक्षा जास्त. दादाला ताप होता, म्हणून बाबा एकटेच निघाले. उजाडत होतं. मी अंगणात दात घासत उभी होते. बाबांनी पाणी भरून गाडी सुरू केली, मी सवयीने पुढे गेले आणि उघड्या बोनेटात हात घालून वरचा पाईप दाबला. गार आणि टणक.

बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय म्हणते तुही मशीन आज?"

चेष्टाच होती. रोजचीच, मायेचीही असेल. पण मला ते मोबाईलवरचं हसणं आठवलं. मी बोनेट लावलं आणि म्हटलं, "माह्या मशीनले काय समजते. मिस्त्रीले इचारा." आणि चूळ भरायला मोरीकडे गेले.

गाडी लगेच हलली नाही. इंजिन तसंच चालू होतं. मला वाटलं, तापवून घेत असतील. मग ती गेली.

झाकणाचं मी त्या दिवशी सांगितलं नाही.

घाटात अर्ध्या चढावर पाण्याच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. बाबांनी एका वळणावर गाडी उभी केली. हे सगळं नंतर त्यांनी स्वतः आणि त्यांना खाली आणणाऱ्या नागपूरच्या एका कुटुंबाने सांगितलं. ते थांबले, पण तासभर नाही, दहा-पंधरा मिनिटं असतील. गाडी वळणावर होती, मागे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली आणि हॉर्न वाजायला लागले. हौद्यात मेथी सुकत होती. बाबांनी दुपट्टा हातावर गुंडाळला, कॅन बाजूला ठेवली आणि झाकण फिरवलं.

झाकण उडालं. उकळतं पाणी चेहऱ्याच्या उजव्या बाजूवर, मानेवर आणि पूर्ण उजव्या हातावर आलं. नागपूरच्या माणसाने त्यांच्यावर प्यायच्या पाण्याच्या बाटल्या ओतल्या, गाडीत घातलं आणि परतवाड्याला आणलं. तिथून अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात. मी पोचले तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा पट्टीत होता आणि ते आईला विचारत होते, "मेथीचं काय झालं?"

तीन आठवडे ते दवाखान्यात होते. डोळा वाचला, पण उजवी पापणी पुरती मिटत नाही. उजव्या हाताची बोटं अर्ध्यातच थांबतात. जुडी बांधायची तर ते एक टोक दातांत धरतात.

पहिल्या आठवड्यात मिस्त्री भेटायला आला. सफरचंदं आणली होती. खाटेजवळ स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "झाकण एकदम चांगलं होतं भाऊ. तुमी घाई केली."

बाबांनी मान हलवली. घाई त्यांनी केली होतीच.

तो गेल्यावर दादा मला व्हरांड्यात घेऊन गेला. त्याचे डोळे सुजलेले होते. त्याने आवाज चढवला नाही. "तू तं शिकेल होती ना यातलं? बाबाले सांगता नाई आलं तुले, का गरम असताना झाकण खोलू नोका म्हणून?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "शंभर वेळा सांगितलं होतं."

"त्या दिवशी सांगितलं होतं?"

"हो," मी म्हणाले.

दादा माझ्याकडे पाहत राहिला आणि मग आत गेला. हसणारे हे होते, आणि जाब मला द्यावा लागत होता. आणि मी खोटं बोलले होते.

गाडी टोचन करून, दुसऱ्या गाडीला बांधून, अकोटला आणली होती. तिथल्या एका फिटरने हेड उतरवलं. दादाने मला मोबाईलवर फोटो पाठवला, सोबत एक अक्षरही नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या कडेला गॅस्केट जळून काळी रेघ गेली होती, थेट पाण्याच्या भोकापर्यंत. मी तो फोटो दवाखान्याच्या जिन्यावर उभी राहून पाहिला, मोठा करून पाहिला. मला आनंद झाला. बाप आत भाजलेला पडला होता आणि मला आनंद झाला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच संध्याकाळी मी तो फोटो बाबांना दाखवला. आई चहा आणायला खाली गेली होती. त्यांनी डाव्या डोळ्याने बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे बुडबुडे खरेच होते," ते म्हणाले.

"हो."

"आता हे दाखवून काय करतं माय?"

मी मोबाईल पर्समध्ये ठेवला. मग म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी तुमाले झाकणाचं सांगितलं नाई."

"मालूम हाये," ते म्हणाले. "मी गाडी चालू ठेवून बसलो होतो. तू रोज सांगे. म्हटलं, सांगन आता. मंग म्हटलं, रागात हाये, जाऊ दे."

"मंग घंटाभर काहून नाई थांबले?"

"हॉर्न देऊन राहिले होते ना लोकं," ते म्हणाले आणि डोळा मिटला. एकच डोळा मिटला. दुसरा पट्टीखाली होता.

हेड लेथवर घासून आणलं, नवं गॅस्केट पडलं, आणि ती गाडी आजही धावते. दादा चालवतो. चिखलदऱ्याची हॉटेलं त्या मे महिन्यातच दुसऱ्याकडे गेली. बाबा मळ्यात बसून असतात, पाणी सोडतात, बायांना झेंडू मोजून देतात. केबिनमध्ये ते परत बसलेले मी पाहिले नाहीत. मी काउंटर सोडलं आणि अमरावतीला दुसऱ्या वर्कशॉपमध्ये लागले. तिथे मला हातात पाना मिळाला. त्यासाठी मी भांडले, पण ती वेगळी हकीकत आहे.

यंदा माघात मिस्त्रीच्या मुलाचं लग्न झालं, अमरावतीलाच. पत्रिका घ्यायला बाबा स्वतः त्याच्या गॅरेजात गेले होते. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, बाबांच्या ताटात वाढायला, त्यांचे हात धुवून द्यायला कोणी तरी पाहिजे, दादा तर मंडपात फिरत राहील. म्हणून गेले. पंगत बसली होती. वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, बुंदी. बाबा डाव्या हाताने चमच्याने खात होते. मिस्त्री बुंदी वाढत वाढत आमच्यासमोर आला, नव्या टोपीत, घामाने ओला, खूश.

"पोट भरून जेवा भाऊ. गाडी काय म्हणते आता?"

"ठीक हाये," बाबा म्हणाले.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "हेड गॅस्केट जळलं होतं, काका."

आजूबाजूच्या दोन-तीन माणसांनी माना वर केल्या. मिस्त्रीने बुंदीचा झारा हातात तसाच धरला. मला वाटलं, आता त्याला काही बोलायला सुचणार नाही. पण तो बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तेच तं! मी पयल्या दिवसापासून सांगून राहिलो होतो भाऊंले, का हेड उतरवू. पण यायले शुक्रवार सोडवत नव्हता."

तो चेष्टा करत नव्हता. मी त्याचा चेहरा नीट पाहिला. त्याला तसंच आठवत होतं.

मी बाबांकडे वळले. त्यांनी फक्त एवढं म्हणायचं होतं की नाही, ही म्हणाली होती. मी थांबले. मिस्त्रीही थांबला होता, हसत. बाबांनी ताटातली बुंदी चमच्याने एका बाजूला केली आणि म्हणाले, "हव. तसंच होतं आपलं."

मिस्त्री पुढच्या ताटाकडे गेला. मी त्यांचं जेवण होईपर्यंत बसले, त्यांना हात धुवायला पाणी दिलं, बोटांच्या बेचक्या पुसून दिल्या आणि दादाला शोधून त्याच्या हवाली केलं. माझी खोली तिथून चालत वीस मिनिटांवर आहे. दादा म्हणाला, सोडून देतो. मी नको म्हटलं आणि चालत गेले.